पहिली आठवण कोणत्या वयाची?

बुलढाणा : दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजा येथे राजमाता जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी मोठी गर्दी लोटते. या गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसलेली दीड-दोन वर्षांची बालके हमखास दिसतात. मोठेपणी त्यांतील बहुतेकांना हा दिवस आठवणार नाही. मात्र त्यामुळे या वयात स्मरणशक्ती नसते, असे मानणे चुकीचे ठरेल.

बहुतेक प्रौढांची सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षे वयाची असते. त्यापूर्वीच्या विस्मरणाला मानसशास्त्रात 'शैशव-विस्मृती' म्हणतात. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये या विषयाकडे लक्ष वेधले होते.

प्रसंगांची नोंद ठेवण्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. जन्मानंतरची काही वर्षे त्याची वाढ सुरूच असते. शिवाय 'मी' ही जाणीव साधारण दुसऱ्या वर्षी स्पष्ट होऊ लागते आणि प्रसंग शब्दांत मांडण्याइतकी भाषा त्यानंतर येते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी चार महिने ते दोन वर्षे वयाच्या २६ बालकांच्या मेंदूचे निरीक्षण केले. साधारण वर्षाच्या बालकाचा हिप्पोकॅम्पसही नवी चित्रे नोंदवून ठेवतो, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. म्हणजे आठवण तयार होते. पुढे ती हाती लागत नाही.

आठवण टिकण्यात घरातील संवादाचाही वाटा असतो. न्यूझीलंडमध्ये २००० साली झालेल्या अभ्यासात माओरी समाजातील प्रौढांच्या पहिल्या आठवणी सरासरी पावणेतीन वर्षे वयाच्या आढळल्या. या समाजात कुळाच्या आणि जन्माच्या कथा आवर्जून सांगितल्या जातात. सिंदखेडच्या वाड्यातील रंगपंचमीला बाल जिजाऊ व शहाजीराजांनी एकमेकांवर रंग उधळल्याची परंपरागत कथाही पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्यामुळेच टिकली.

अर्थात, वारंवार ऐकलेली गोष्ट किंवा पाहिलेले छायाचित्र पुढे स्वतःचीच आठवण वाटू शकते. म्हणून मुलाला उत्तर न पुरवता 'तिथे काय पाहिलेस? मग काय झाले?' असे विचारावे व त्याला सांगू द्यावे. आजी-आजोबांचा सहवास लहानपणीच सुटला, तर अशा गप्पांतूनच त्यांची ओळख मुलाजवळ उरते. आणि प्रसंग विसरला तरी त्या वयात मिळालेली माया, भाषा व सुरक्षिततेची भावना वाया जात नाही. पुढची जडणघडण त्यावरच उभी राहते.