खिशातल्या चाकूची कसोटी

श्रोतेहो, आठवडे बाजारात चाकू घेणारा माणूस तुम्ही पाहिलाच असेल. तो चाकू उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. पाते दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवतो; ढिले तर नाही ना? धारेवर अंगठा आडवा फिरवतो. कोणी पाते नखावर टेकवून बघतो, तर कोणी टिचकी मारून आवाज ऐकतो. दोन मिनिटांत परीक्षा संपते आणि भाव सुरू होतो. ही परीक्षा कोणत्या शाळेत शिकवत नाहीत, पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

आज मी सांगणार आहे तो अशाच एका परीक्षेचा इतिहास. परीक्षा झाली लंडनमध्ये, आणि तिचा वृत्तांत १७९५ साली छापला गेला. चाकू होता लेखणी तासण्याचा. आणि त्याचे पोलाद गेले होते आपल्या मुंबईहून!

ही हकीकत नीट कळायची तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. चाकू चांगला म्हणजे काय? आपण म्हणतो, ‘पोलाद कडक पाहिजे.’ पण नुसते कडक असून भागत नाही. काच कडकच असते, तिने काचेवर ओरखडाही काढता येतो; पण हातातून पडली की तिचे तुकडे होतात. उलट शिसे बघा. कितीही वाकवा, तुटणार नाही, पण त्याला धार टिकायची नाही. म्हणजे कठीणपणा हा एक गुण झाला आणि चिवटपणा हा दुसरा. धार टिकते ती कठीणपणामुळे, आणि पाते तुटत नाही ते चिवटपणामुळे. पंचाईत अशी, की एक वाढवू गेले तर बहुधा दुसरा कमी होतो. या दोघांचा मेळ घालणे हीच चाकू करणाराची खरी विद्या.

ती विद्या आपला लोहार रोज वापरतो. पोलाद लाल करून तो पाण्यात बुडवतो. यालाच आपण पाणी देणे म्हणतो. त्याने पोलाद कठीण होते, पण ठिसूळही होते. मग ते पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. या वेळी घासून चकचकीत केलेल्या पोलादावर रंग चढत जातात : आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि शेवटी निळा. पिवळ्या रंगावर थांबले तर पोलाद अधिक कठीण राहते. ते वस्तऱ्याला आणि बारीक चाकूला हवे असते. निळ्यापर्यंत नेले तर त्यात कमानीचा लवचीकपणा येतो.

मिटत्या चाकूत हे दोन्ही लागतात. पाते धारेसाठी कठीण हवे. त्याच्या मागे मुठीत जी पोलादाची पट्टी असते, जी पाते उघडे धरून ठेवते आणि मिटताना ‘टक्’ असा आवाज करते, ती मात्र लवचीक हवी. ती कडक केली तर थोड्या दिवसांत मोडेल. मऊ ठेवली तर पाते लटपटेल आणि कापता कापता बोटांवर मिटेल. ही पट्टी आणि पाते ज्या खिळ्यावर फिरते तो खिळा या मिटत्या चाकूच्या नाजूक जागा होत. अखंड सुरीला ही काळजी नाही. मिटता चाकू काही नवा नव्हे. रोमन काळातले असे चाकू युरोपच्या संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात. पुढे इंग्लंडमधले शेफील्ड गाव या धंद्यात नावाजले. तिथल्या चाकूवाल्यांच्या संघाला १६२४ साली कायद्याने मान्यता मिळाली.

आता मुंबईकडे येऊ. अठराव्या शतकाच्या शेवटी डॉ. हेलेनस स्कॉट नावाचा कंपनी सरकारचा एक वैद्य मुंबईत होता. त्याने १७९४ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे इथल्या पोलादाचे नमुने पाठवले. चपट्या गोल वड्या होत्या त्या, एकेकीचे वजन किलोच्या आसपास. या पोलादाला इंग्रज लोक ‘वुट्झ’ म्हणत. पोलादाला कन्नडमध्ये ‘उक्कु’ म्हणतात. त्या शब्दाचाच हा अपभ्रंश असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. स्कॉटने कळवले, की इथले लोक लोखंड कातायला, दगड तासायला, कानशी आणि करवती करायला हे पोलाद वापरतात. मात्र ते फार लाल केलेले खपत नाही, त्यामुळे घडवायला वेळ लागतो.

बँक्स यांनी या वड्या तपासणीला दिल्या. रासायनिक तपासणी डॉ. जॉर्ज पिअर्सन यांनी केली. पण बँक्स यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. जेम्स स्टोडार्ट हा लंडनमधला शस्त्रक्रियेची हत्यारे आणि चाकू करणारा कारागीर. त्याला त्यांनी सांगितले, की या पोलादाचा लेखणीचा चाकू करून दाखव.

लेखणीचा चाकूच का? त्या काळी तिकडे पिसाच्या लेखणीने लिहीत. आपल्याकडे जसा बोरू, तसे तिकडे पीस. दर थोड्या वेळाने त्याचे टोक तासावे लागे. त्यासाठी लहान चाकू असत, आणि त्यांतले पुष्कळसे मिटते, खिशात ठेवण्याजोगे असत. पिसाचे टोक तासायला धार अतिशय बारीक लागते, आणि बारीक धारेलाच चटकन खांडे पडतात. म्हणून पोलादाची पारख करायला यापेक्षा चांगली वस्तू शोधून सापडली नसती.

स्टोडार्टला ते पोलाद घडवताना पुष्कळ श्रम पडले. इकडच्या पोलादात कर्ब फार. साधारण शंभर भागांत एक ते दोन भाग. इतके कर्बाचे पोलाद भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवून घणाखाली घातले की त्याचे तुकडे उडतात. म्हणून स्टोडार्टने ते केवळ अंधारात दिसेल एवढ्या मंद लालीवर ठोकून घडवले. मग पाणी दिले, धार लावली. निकाल काय लागला? उत्तमातल्या उत्तम पोलादी चाकूइतकी बारीक धार आली, आणि चाकू तसाच चालला. स्टोडार्टचे मत पडले, की पुष्कळ कामांसाठी हे पोलाद इंग्लंडात वापरात असलेल्या कोणत्याही पोलादापेक्षा सरस आहे. त्याची धार अधिक बारीक, अधिक मजबूत आणि अधिक टिकाऊ होईल. पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर त्याने छापले, की अनेक वर्षे तुलना करून पाहिल्यावर युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा आपण हिंदुस्थानचे वुट्झ पसंत करतो.

मौज अशी, की रसायनाच्या परीक्षेत मात्र चूक झाली. या पोलादात लोखंडाचे भस्म मिसळलेले असावे आणि त्यामुळे ते कठीण असावे, असे डॉ. पिअर्सन यांना वाटले. १८०५ साली डेव्हिड मशेट यांनी दाखवून दिले, की खरे कारण कर्बाचे जास्त प्रमाण. म्हणजे पोलाद कसे आहे, हे कारागिराच्या हाताने बरोबर ओळखले. ते तसे का आहे, हे सांगायला शास्त्राला आणखी दहा वर्षे लागली. दुसरी चूक पिअर्सन यांच्या निबंधाच्या मथळ्यातच आहे. हे पोलाद मुंबईत तयार होते, असे त्यात म्हटले आहे. मुंबई हे बंदर; तिथून माल गेला इतकेच. या पोलादाची नावाजलेली ठिकाणे म्हैसूरकडची, तमिळ मुलखातल्या सेलमकडची आणि तेलंगणातली. आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम हे त्यांतलेच एक. छापील कागदसुद्धा पारखून घ्यावा लागतो, तो असा!

स्टोडार्ट एवढ्यावर थांबला नाही. पुढे त्याला एक तरुण जोडीदार मिळाला, मायकेल फॅरडे. विजेच्या शोधांमुळे ज्याचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे, तोच हा फॅरडे. आणि तो लोहाराचा मुलगा होता, बरं का. दोघांनी वुट्झसारखे पोलाद करून पाहण्याचे आणि पोलादात चांदी, प्लॅटिनम अशा धातू मिसळण्याचे प्रयोग केले. त्यांचे निबंध १८२० आणि १८२२ साली प्रसिद्ध झाले. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारला आणि ते काम मागे पडले. पण नमुने जपून ठेवलेले होते. शंभरावर वर्षांनी सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी त्यांतले ७९ नमुने पुन्हा तपासले आणि १९३१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तुकडे जपले, नोंदी ठेवल्या, म्हणून हे शक्य झाले.

मध्यंतरी परीक्षेची यंत्रेही आली होती. १९०० साली स्वीडनच्या ब्रिनेल यांनी पोलादी गोळी धातूवर ठराविक भाराने दाबून पडलेल्या खळग्यावरून कठीणपणा मोजण्याची रीत दाखवली. १९०१ मध्ये फ्रान्सच्या शार्पी यांनी चिवटपणा मोजायला झुलता हातोडा वापरला. खाच पाडलेला तुकडा तोडून हातोडा पलीकडे किती वर जातो, ते पाहायचे. तुकडा जितका चिवट, तितका हातोडा कमी चढतो. पुढे अमेरिकेत रॉकवेल यांचे यंत्र निघाले. आज चाकूच्या पात्याचा कठीणपणा त्याच्याच मापाने सांगतात. चांगल्या खिशातल्या चाकूचा आकडा साधारण ५५ ते ६० च्या दरम्यान असतो. लक्षात घ्या, कठीणपणाचे यंत्र वेगळे आणि चिवटपणाचे वेगळे. लोहाराने ज्या दोन गोष्टी हाताने ओळखल्या, त्याच यंत्रांनीही वेगळ्या ठेवल्या.

आता मनाला चटका लावणारा भाग. स्टोडार्टचे नाव राहिले, पिअर्सनचे राहिले, चुकलेला निष्कर्षसुद्धा छापून राहिला. पण ज्याने ती वडी मुशीत आटवली, त्याचे नाव त्या निबंधात कुठेच नाही. सेलमकडे नरम लोखंडाचे तुकडे, तरवडाचे वाळके लाकूड आणि रुईची पाने मातीच्या मुशीत घालून, मूस लिंपून, तासन् तास भाता चालवत. किती लाकूड, किती वेळ, मूस केव्हा उतरवायची, हे सारे बापाने लेकाला तोंडी सांगितलेले. पुढे विलायतेचे स्वस्त पोलाद आले, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलांवर निर्बंध आले, आणि एकोणिसाव्या शतकात हा धंदा बसत गेला. भट्ट्या विझल्या, तशी तोंडी विद्याही बरीचशी विझली. आज संशोधकांना राखेचे ढीग आणि फुटक्या मुशी तपासून ती पुन्हा जुळवावी लागते.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. गावात अजून भाता चालत असेल तर मुलांना एकदा तिथे घेऊन जा. लोहारदादांना विचारा, कोयत्याला पाणी कधी देता? विळ्याला निराळे देता का? रंग कोणता पाहता? आवाजावरून काय ओळखता? मुलांनी ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावे, आणि वर लोहाराचे नाव, गाव आणि तारीख घालावी. हाताची पारख ही मोठी गोष्ट आहे. पण ती कागदावर आली नाही, तर माणसाबरोबर जाते.