शिक्षणसेवकाला शिकवतं कोण?

पेणच्या गणपती कारखान्यात नव्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी डोळ्यांची आखणी कुणी देत नाही. आधी मूर्ती घासायची, मग अंगाचा रंग, आणि हे सगळं जुन्या कारागिराशेजारी बसून. डॉक्टर होणारीला इंटर्नशिप असते, नव्या वकिलाला सीनियर असतो. शिक्षकाला मात्र आपण पहिल्या दिवशीच डोळे आखायला बसवतो, तेही बऱ्याचदा सगळ्यात अवघड वर्गात.

माझी मावशी रोहा तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर शिक्षणसेवक म्हणून लागली. शाळा दोन शिक्षकी. दुसरे गुरुजी कायम मीटिंगा आणि माहितीचे तक्ते यांत अडकलेले. मुलं घरी कातकरी बोलायची, पुस्तकं प्रमाण मराठीत. दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर वीटभट्टीवर निघून जायचा. “यातलं काहीच डीएडला शिकवलं नव्हतं,” मावशी सांगते, “मला शिकवलं ते पोरांनीच.”

महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना २००० साली आली. तीन वर्षं मानधनावर काम, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिन्याला ६,००० रुपये मिळत. त्या वर्षी ते १६,००० झाले. कागदावर ही उमेदवारीच. पण उमेदवारीतला कमी पगार तेवढा आपण उचलला, शेजारी बसणारा कारागीर गाळला.

ही सवय जुनी आहे. पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने मुंबईत २४ शिक्षक तयार केले आणि १८२६ मध्ये त्यांना इलाख्यातल्या जिल्ह्यांत धाडलं. तयारी शहरात, नोकरी लांब. गावाची ओळख ज्याने त्याने करून घ्यायची. दोनशे वर्षांनीही हिशेब साधारण तोच आहे.

उलटा रस्ता धरणारेही आपल्याकडे होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यातल्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. आणि बालसेविकांचं प्रशिक्षण याच परिसरात, याच मुलांमध्ये झालं. अनुताई १९९२ मध्ये गेल्या.

अमेरिकेत हाच विचार मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांच्या शाळांसाठी पुढे आला. बोस्टनमध्ये २००३ पासून नवा शिक्षक वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या वर्गात राहून शिकतो आणि पुढची तीन वर्षं त्याच शहरातल्या सरकारी शाळांत शिकवण्याची हमी देतो. २०१२ मध्ये या कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीला हे शिक्षक गणितात इतर नवख्यांपेक्षा मागे होते. चौथ्या-पाचव्या वर्षी मात्र ते जुन्या शिक्षकांच्याही पुढे गेले. पाचव्या वर्षापर्यंत त्यांच्यातले ७५ टक्के त्या शहराच्या शाळांत टिकले होते. इतर नव्या शिक्षकांत हे प्रमाण ५१ टक्के होतं. पहिल्याच वर्षी निकाल लावला असता, तर हा कार्यक्रम नापास ठरला असता.

म्हणून प्रश्न मोजपट्टीचा आहे. कोकणातल्या जिल्हा परिषदांत दुसऱ्या जिल्ह्यांतून शिक्षक येतात, वाडी कळू लागते आणि आंतरजिल्हा बदलीने घराजवळ परत जातात. त्यांना दोष कसा देणार? आईवडील तिकडे, पगार तुटपुंजा. पण पुढचा नवा माणूस पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतो, आणि त्याची किंमत पहिलीतलं पोर मोजतं.

कागदावर किती पदं भरली, एवढ्याने काम भागणार नाही. पाचव्या वर्षी वाडीवर कोण उरलं? बाईंना मुलांची बोली कळते का? वीटभट्टीवरून परतलेलं मूल जूनमध्ये वर्गात बसतं का? हे मोजायला हवं. आणि शिक्षणसेवकाच्या तीन वर्षांपैकी पहिलं तरी, त्याच तालुक्यातल्या मुरलेल्या शिक्षकाच्या वर्गात जायला हवं. पेण-रोह्याच्या वाड्यांवर असे शिक्षक आहेत. नव्यांना शिकवण्याचं काम त्यांना रीतसर द्या, त्यासाठी वेळ द्या आणि पैसेही द्या.