भूत बाहेरचं की मन आतलं? आबे फारियाचं उत्तर

आज तंजावरहून बोलतोय. इथल्या आपल्या मराठी राजानं, दुसऱ्या सरफोजीनं (कारकीर्द १७९८ ते १८३२), धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य वैद्यकाची सांगड घातली. नेत्ररोग्यांच्या नोंदी त्यानं चित्रांसह करून घेतल्या. त्याच काळात मनाच्या दुखण्याकडे असंच डोळसपणे पाहणारा एक गोवेकर पॅरिसमध्ये होता आणि तो कॅथलिक पाद्री होता.

जुझे कुस्तोदियो दे फारिया, म्हणजे आबे फारिया, १७५६ मध्ये बारदेशातल्या कांदोळीला जन्मला. रोममध्ये शिकून १७८० मध्ये पाद्री झाला. १८१३ पासून तो पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागला. समोरच्याला निवांत बसवायचं आणि ठाम आवाजात सांगायचं, "झोपा!" काही जण खरंच झोपत, झोपेतच बोलत, सांगितलेलं करत.

हे घडतं कशानं? मेस्मरचे अनुयायी म्हणत, अंगातून वाहणाऱ्या चुंबकी द्रवामुळे. काही धर्मगुरूंना यात सैतान दिसला. फारियानं दोन्ही नाकारलं. कारण झोपणाऱ्याच्या मनातच आहे, माझ्या हातात काही शक्ती नाही, असं तो सांगत राहिला.

एका पाद्रीनं हे म्हणणं सोपं नव्हतं. त्याचं चर्च भूतबाधा मानत होतं, ती उतरवण्याचा विधी १६१४ च्या विधिग्रंथात होता. मात्र बाधा झाली असं चटकन मानू नये, हेही त्याच ग्रंथात बजावलेलं आहे. फारियानं झगा उतरवला नाही आणि मतही सोडलं नाही. १८१६ मध्ये रंगभूमीवर त्याची टर उडवली गेली, लोक पांगले. १८१९ मध्ये तो वारला. त्याच वर्षी आलेल्या ग्रंथावर त्यानं स्वतःला ब्राह्मण आणि धर्मशास्त्राचा डॉक्टर म्हणवलं आहे. पुढे नान्सी गावच्या फ्रेंच डॉक्टरांनी संमोहनाचा पाया याच विचारावर रचला.

रात्री ओरडत उठणारे जवान मी फौजेत पाहिले आहेत. 'याला काहीतरी लागलंय' अशी कुजबुज बराकीत लगेच सुरू व्हायची. त्या कुजबुजीनं माणूस आणखी एकटा पडतो. बाधेचा शिक्का बसला की त्याला काय दिसतं, कशाची भीती वाटते, हे कुणी विचारतच नाही.

पणजीला गेलात तर जुन्या सचिवालयाजवळचा फारियाचा पुतळा जरूर पाहा. आणि घरात कुणाची झोप उडाली असेल, तर मांत्रिकाआधी डॉक्टरकडे न्या. त्यानं देवावरची श्रद्धा कमी होत नाही. फारियाची झाली नव्हती.

जय हिंद.