ई-मेल उघडत नाही? आधी अडलंय कुठे ते ओळखा

शिष्यवृत्तीचा फॉर्म, कॉलेजचा प्रवेश, पासपोर्ट, नोकरीचा अर्ज, सगळीकडे आता ई-मेल लागतो. ऐन शेवटच्या तारखेला घरच्या कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं नाही की माणूस घाबरतो आणि घाईघाईत नवीन खातं काढतो. मग जुन्या खात्यावर येणारी पत्रं तिथंच अडकून पडतात. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना आणि पालकांना आधी एकच गोष्ट विचारतो: पान उघडत नाही, पासवर्ड चालत नाही, की कोड येत नाही? या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत.

१. पान उघडत नसेल तर

दुसरी एखादी वेबसाइट उघडून बघा. तीही उघडत नसेल तर अडचण इंटरनेटची आहे, खात्याची नाही.

कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा येत असेल तर कॉम्प्युटरची तारीख तपासा. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. तारीख चुकली की ब्राउझर ते प्रमाणपत्र मान्य करत नाही. तारीख नीट केली की पान उघडतं, पण सेल बदलला नाही तर पुन्हा तोच प्रकार होतो.

लॉगिन करूनही पुन्हा लॉगिनचंच पान येत असेल तर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणं एकत्र दाबून खासगी विंडो उघडा. तिथं खातं उघडलं तर दोष बहुधा कुकीजचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा असतो. कुकीज पुसताना सेव्ह केलेले पासवर्ड पुसू नका.

विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर फेब्रुवारी २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

२. पासवर्ड चालत नसेल तर

कॅप्स लॉक बघा. मग कीबोर्डची भाषा बघा. आपल्या बऱ्याच घरांत उर्दू आणि मराठी टायपिंग एकाच कॉम्प्युटरवर असतं. पासवर्ड लिहिताना फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे अक्षरं उर्दूत पडताहेत हे कळतच नाही. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा इंग्रजी करा आणि ‘शो पासवर्ड’वर टिक करून लिहा.

पत्ताही तपासा. शेख, मोहम्मद या नावांचं इंग्रजी स्पेलिंग घरोघरी वेगळं असतं. जीमेलच्या पत्त्यात टिंब राहिलं तरी चालतं, पण एक अक्षर चुकलं तर ते दुसऱ्याचं खातं होतं. शिवाय ब्राउझरनं आपोआप भरलेला पासवर्ड भावाचा किंवा बहिणीचा असू शकतो.

३. कोड येत नसेल तर

जुनं सिम बंद पडलं असेल तर कोड त्याच नंबरवर जात राहतो. ‘दुसरा मार्ग’ निवडा. लॉगिन असलेल्या मोबाइलवर सूचना येऊ शकते किंवा आधी काढून ठेवलेला बॅकअप कोड चालतो. यातलं काही नसेल तर खातं परत मिळवण्याचं पान वापरा. ते नेहमीच्या कॉम्प्युटरवरून, नेहमीच्या जागेवरून आणि नेहमीच्या ब्राउझरमधून उघडा, कारण गूगल ओळख पटवताना हेही बघतं. आठवत असलेला शेवटचा पासवर्ड लिहा.

इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधून फोन मात्र करू नका. पैसे घेऊन खातं उघडून देणाऱ्या कोणत्याही सेवेशी गूगलचा संबंध नाही. फोनवर कोड मागणारा माणूस ठगच समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

आजच करून ठेवा

खातं चालू आहे तोवर त्यात सध्याचा मोबाइल नंबर आणि दुसरा ई-मेल टाका. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू असेल तर बॅकअप कोड छापून मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. गूगल एका वेळी १० कोड देतं आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. २ वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा अधूनमधून लॉगिन करत जा. मुलांच्या फॉर्मवर सायबर कॅफेवाल्याचा नाही, घरचाच ई-मेल टाका.