भूल, लुळेपणा आणि उतारा : जखमी वन्यप्राण्यांवरील उपचारांचा इतिहास

पायात फासाची तार रुतलेला रानहत्ती डोळ्यांसमोर आणा. येथे पहिला प्रश्न कोणते औषध द्यायचे हा नसून जवळ कसे जायचे हा असतो. बैलाला खोड्यात घालून तपासता येते, रानहत्तीला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खड्डा, जाळे, पिंजरा किंवा बंदूक एवढेच मार्ग होते. जखमी प्राण्याच्या वाट्याला बहुधा बंदूकच येई.

अंतराची ही अडचण १९५० च्या दशकात सुटली. न्यूझीलंडचे फार्मासिस्ट व पशुवैद्य कॉलिन मरडॉक आणि अमेरिकेत जॉर्जियातील हरणांवर काम करणारे संशोधक यांनी औषधाची सुई दुरून मारणाऱ्या बंदुका साधारण एकाच सुमारास तयार केल्या. हा इतिहास अनेकदा बंदुकीपाशीच संपवला जातो. माझ्या मते खरा प्रश्न सुईत काय भरायचे हा होता.

सुरुवातीला निकोटीन वापरले गेले. त्याची मात्रा थोडी चुकली तरी प्राणी मरे. मग सक्सिनिलकोलीन आले. त्याने स्नायू लुळे पडतात, पण शुद्ध हरपत नाही आणि वेदनाही थांबत नाहीत. म्हणजे शांत पडलेला प्राणी जखम शिवली जात असताना जागाच असे. निश्चल पडणे म्हणजे भूल नव्हे, हा फरक नीट लक्षात ठेवा.

१९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये केनेथ बेंटली यांच्या गटाने तयार केलेले एटॉर्फिन उपलब्ध झाले. ते मॉर्फिनच्या हजारपटींहूनही प्रभावी, त्यामुळे गेंड्यालाही छोट्या सुईतली मात्रा पुरे. (माणसाच्या अंगात काही थेंब गेले तरी जीव धोक्यात येतो, म्हणून ते हाताळताना सोबत दुसरा माणूस लागतोच.) टोनी हार्थूर्न यांनी आफ्रिकेत त्याचे प्रयोग केले. त्याहून महत्त्वाचा ठरला तो उतारा, डिप्रेनॉर्फिन. शिरेतून दिल्यावर काही मिनिटांत प्राणी उठतो. जंगलात रुग्णाला रात्रभर ठेवायला वॉर्ड नसतो. भूल उतरवता आली नाही, तर तो इतर श्वापदांच्या तावडीत सापडतो. शिवाय हत्ती बराच वेळ छातीवर पडून राहिला, तर त्याचा श्वास कोंडतो. त्याला कुशीवर वळवावे लागते.

भारतात १९८४ साली आसाममधील गेंडे भूल देऊन पकडून उत्तर प्रदेशातील दुधवा येथे नेण्यात आले. सगळेच वाचले नाहीत, पण दुधव्यात गेंड्यांची नवी वस्ती उभी राहिली.

या तंत्राचा ठसा कायद्यावरही दिसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार, अनुसूची १ मधील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला किंवा बरा होण्यापलीकडे जायबंदी वा रोगग्रस्त असला, तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. २००२ च्या दुरुस्तीने त्याला अट जोडली : प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, अशी खात्री झाल्याखेरीज त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. १९७२ मध्ये जो निर्णय बहुधा दुर्बिणीतून घेतला जाई, तो आता जखमेला हात लावून घेता येतो. अर्थात, भूल देणारा पशुवैद्य वेळेत तिथे पोहोचला तरच.