जडत्वाचा नियम

अभिजात भौतिकीतील गतीविषयक पहिला नियम. बाहेरून बल लागले नाही, तर स्थिर वस्तू स्थिरच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते, असे तो सांगतो. जडत्वाला मराठी परिभाषेत ‘निरूढी’ असाही शब्द आहे. आयझॅक न्यूटन यांनी 1687 साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात तीन गतिनियम मांडले, त्यांतला हा पहिला. शाळेत तो पाठ होतो आणि बहुधा तिथेच राहतो. दुसऱ्या नियमाचे सूत्र (बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण) हाती आले की उदाहरणे सुटू लागतात आणि पहिला नियम म्हणजे दुसऱ्याचीच सोपी बाजू, असा समज पक्का होतो. हा समज चुकीचा आहे. दुसरा नियम कुठे उभे राहून वापरायचा, हे पहिला नियम ठरवतो. ते ठरल्याशिवाय ‘बल’ या शब्दाला नेमका अर्थच येत नाही.

रोजच्या अनुभवाची साक्ष या नियमाच्या विरुद्ध जाते. बैल थांबले की गाडी थांबते. गती चालू राहायला चालवणारा हवा, हे ॲरिस्टॉटल यांचे मत त्यामुळेच शतकानुशतके टिकले. पोकळीत चालू लागलेली वस्तू थांबायला काही कारणच उरणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पण ते इतके अशक्य वाटले, की त्यावरून त्यांनी पोकळीच नाकारली. आपल्याकडे वैशेषिकांनी बाणाचा विचार बारकाईने केला आहे. बाण सुटतो तो नोदनाने म्हणजे ढकलण्याने, पुढे जातो तो ‘वेग’ नावाच्या संस्कारामुळे आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे खाली येतो, असे त्यांचे विवेचन आहे. न्यूटनचा नियम भारतात आधीच माहीत होता, हे सांगण्यासाठी कधी कधी याचा दाखला देतात. तो लागू पडत नाही. गती टिकायला वस्तूच्या अंगी काहीतरी असावे लागते आणि ते हळूहळू खर्ची पडते, हे गृहीतक इथेही कायमच आहे. जडत्वाच्या नियमाने प्रश्नच बदलला: गती का टिकते, हे विचारायचे नाही, ती का बदलते, एवढेच विचारायचे.

हा बदल घडवणारा युक्तिवाद गॅलिलिओ यांच्या 1638 सालच्या ग्रंथात सापडतो. गुळगुळीत उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ मूळ उंचीपर्यंत जातो. चढ सौम्य केला, तर तीच उंची गाठायला त्याला जास्त लांब जावे लागते. मग चढ मुळीच नसेल तर तो थांबेल कुठे? गॅलिलिओंची आडवी पातळी मात्र भूपृष्ठाला धरून वळणारी होती. ‘सरळ रेषेत’ हे स्पष्टपणे म्हटले ते रने देकार्त यांनी, 1644 साली. यावर आक्षेप असा येतो, की संपूर्णपणे बलमुक्त वस्तू कोणी पाहिलेलीच नाही, मग हा नियम अनुभवाचा कसा? उत्तर गोळ्याच्या उदाहरणातच आहे. आदर्श स्थिती हाती येत नसली, तरी घर्षण जसजसे घटवावे तसतसे निरीक्षण त्या स्थितीकडे सरकते, आणि उरलेल्या प्रत्येक तफावतीचे कारण दाखवता येते. 1977 मध्ये सोडलेले व्हॉयेजर 1 हे यान इंजिनाच्या रेट्याशिवाय सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. त्याचा वेग किंचित घटतो, आणि ही घट सूर्याच्या ओढीच्या हिशेबात बसते.

दुसरा आक्षेप गणिताचा आहे. सूत्रात बल शून्य घातले की त्वरण शून्य येते. मग वेगळा नियम कशाला? एसटीच्या आसनाखाली आडवी पडलेली पाण्याची बाटली पाहावी. चालकाने करकचून ब्रेक लावला की ती घरंगळत पुढे येते. तिला कोणी हात लावलेला नसतो, मागून कशाने ढकललेले नसते, तरी आतल्या प्रवाशाच्या नजरेने ती आपोआप वेग घेते. बल शून्य, त्वरण मात्र आहे! बसमध्ये बसून पाहिले तर सूत्रच मोडते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही: बस मंदावली, बाटली आधीच्याच वेगाने पुढे गेली. सूत्र एकच, बाटलीही तीच. फरक पाहणाऱ्याच्या जागेचा आहे. ज्या जागेवरून पाहिले असता बलमुक्त वस्तूची गती बदलत नाही, तिला जडत्वीय संदर्भचौकट म्हणतात. ही संज्ञा लुडविग लांगे यांनी 1885 साली रूढ केली. अशी चौकट निसर्गात सापडते, हे पहिल्या नियमाचे खरे विधान आहे. ते सूत्रात शून्य घालून निघत नाही, कारण सूत्र त्या विधानावरच उभे आहे.

रस्त्याकडेची जागा तरी निर्दोष आहे का? काटेकोरपणे नाही. 1851 साली लेआँ फूको यांनी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा टांगून झुलवला, तेव्हा त्याच्या आंदोलनाची दिशा तासागणिक वळताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली. गोळ्याला कोणी वळवत नव्हते. खालची जमीन फिरत होती. पॅरिसला हा फेरा सुमारे 32 तासांत पुरा होतो. पुण्याच्या अक्षांशावर त्याला सुमारे 75 तास लागतात. तिथल्या ‘आयुका’ संस्थेतही असा लंबक आहे. कोकणात मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, त्यामागेही हेच आहे: दक्षिण गोलार्धातून आग्नेयेकडून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतात, आणि हे वळण फिरत्या पृथ्वीवरून पाहिल्यामुळे दिसते. तरीही शाळेतले प्रयोग जमिनीवर बिनघोर जमतात, कारण चूक लहान आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे येणारे त्वरण विषुववृत्तावरही गुरुत्व त्वरणाच्या 0.35 टक्क्याहून कमी असते.

सर्वांत अवघड आक्षेप वर्तुळाचा आहे. वस्तू सरळ जाते म्हणून चौकट जडत्वीय, आणि चौकट जडत्वीय म्हणून वस्तू बलमुक्त, असे म्हटले तर काहीच सांगितल्यासारखे होत नाही. अभिजात भौतिकी यातून बरीच सुटते, कारण बल ओळखायला तिच्याकडे दुसरी खूण आहे. खरे बल कोणत्या तरी वस्तूकडून येते आणि त्या वस्तूवर उलट बलही लागते. बाटलीला पुढे ‘ढकलणाऱ्या’ आभासी बलाला असा धनी दाखवता येत नाही. शिवाय आभासी बल नेहमी वस्तुमानाच्या प्रमाणात असते. पण गुरुत्वाकर्षणही वस्तुमानाच्याच प्रमाणात असते, आणि न्यूटनच्या चौकटीत या जुळणीला कारण नाही. तिथे हा बचाव थांबतो, हे मान्य केले पाहिजे. त्याच जुळणीला मूलभूत मानून अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी 1915 साली व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्ण केला. ‘मायक्रोस्कोप’ या फ्रेंच उपग्रहात टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंचे ठोकळे पृथ्वीभोवती एकत्र पडू देऊन ती जुळणी पुन्हा तपासली गेली. 2022 साली जाहीर झालेल्या अंतिम निष्कर्षांत, 10 वर 15 वा घात इतक्या भागांत सुमारे एक भाग एवढ्या सूक्ष्मतेपर्यंत, तीत फरक आढळला नाही.