प्रौढांसाठी एडीएचडी मार्गदर्शन

प्रौढांसाठी एडीएचडी मार्गदर्शन ही एडीएचडी, म्हणजेच अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, असलेल्या प्रौढ व्यक्तींना दिली जाणारी सहायक सेवा आहे. वेळेचे व कामाचे नियोजन, सुरू केलेले काम तडीस नेणे आणि भावनांचे नियमन यांसाठी या सेवेत मदत केली जाते. स्वस्वीकार आणि स्वतःवरील विश्वास पुन्हा उभा करणे ही तिची दोन प्रमुख उद्दिष्टे होत. हे मार्गदर्शन निदान किंवा औषधोपचार यांना पर्याय नसून त्यांना पूरक असते.

संज्ञा

इंग्रजीत या सेवेसाठी ‘कोचिंग’ हा शब्द रूढ आहे. लातूर जिल्ह्यात मात्र ‘लातूर पॅटर्न’मुळे कोचिंग म्हटले की वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांचे खासगी शिकवणी वर्गच डोळ्यांसमोर येतात. या दोहोंत मूलभूत फरक आहे. शिकवणीत अभ्यासक्रम आणि वेळापत्रक बाहेरून ठरते. एडीएचडी मार्गदर्शनात उद्दिष्ट व्यक्ती स्वतः ठरवते आणि मार्गदर्शक तिला ते गाठण्याची रीत शोधण्यास मदत करतो.

पार्श्वभूमी

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 मध्ये लंडन येथील व्याख्यानांत आवेग आवरता न येणाऱ्या मुलांचे वर्णन केले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत या विकाराची नोंद 1968 मध्ये बालपणातील अतिचंचलता म्हणून झाली. 1980 च्या आवृत्तीत अवधानातील अडचणीला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि 1987 मध्ये सध्याचे नाव आले. हा केवळ बालपणातील विकार असून वयाबरोबर तो नाहीसा होतो, असा समज दीर्घकाळ होता. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत प्रौढांसाठी निकष अधिक स्पष्ट झाले. त्यांनुसार 17 वर्षे व त्यापुढील व्यक्तींत अवधान-न्यूनतेची किंवा अतिचंचलता व आवेगाची किमान 5 लक्षणे असावी लागतात आणि काही लक्षणे वयाच्या 12 वर्षांपूर्वीपासून असावी लागतात.

हा विकार मुख्यतः मेंदूच्या कार्यकारी क्षमतांशी निगडित आहे. कामाला सुरुवात करणे, वेळेचा अंदाज बांधणे, सूचना मनात धरून ठेवणे आणि आवेग रोखणे या क्षमतांचा त्यात समावेश होतो. अशा व्यक्तीकडे लक्ष देण्याची शक्तीच नसते असे नाही. आवडीच्या कामात ती तासन्‌तास गढून जाऊ शकते. परंतु लक्ष हवे तेव्हा हव्या कामाकडे वळवणे तिला कठीण जाते. या विसंगतीमुळेच तिची अडचण इतरांना हेतुपुरस्सर केलेली टाळाटाळ वाटते.

अमेरिकेत 1990 च्या दशकात प्रौढांच्या निदानाबरोबर मार्गदर्शनाची कल्पनाही पुढे आली. एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी यांच्या 1994 मधील ‘ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन’ या पुस्तकामुळे ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली.

स्वस्वीकार

ज्यांचे निदान उशिरा होते, अशा अनेकांनी लहानपणापासून आळशी, वेंधळा, धांदरट, बेजबाबदार ही विशेषणे ऐकलेली असतात. पुढे ती व्यक्ती हीच विशेषणे स्वतःला लावू लागते. एडीएचडी असलेल्या प्रौढांमध्ये स्वतःविषयीची करुणा तुलनेने कमी आणि इतरांकडून टीका होत असल्याची जाणीव अधिक असते, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आढळले.

स्वस्वीकाराच्या विचाराला महाराष्ट्रात एक स्वतंत्र परंपरा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (1913–2007) यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत ‘विनाअट स्वस्वीकार’ ही मध्यवर्ती संकल्पना आहे. मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी ही पद्धती भारतात रुजवली. मानसोपचारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाणे येथे स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेच्या कार्यातून तिचा प्रसार झाला. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या चरित्रात्मक कादंबरीमुळे ती मराठी वाचकांना परिचित झाली.

या विचारानुसार वर्तनाचे मूल्यमापन करता येते, परंतु संपूर्ण व्यक्तीचे करता येत नाही. ‘वीजबिल भरायचे राहिले’ हे वर्तनाविषयीचे विधान आहे. ‘मी कुचकामी आहे’ हा स्वतःवर मारलेला शिक्का आहे. पहिल्या विधानावर उपाय शोधता येतो, दुसऱ्यामुळे केवळ लाज वाढते आणि काम अधिकच टाळले जाते. त्यामुळे स्वस्वीकार म्हणजे जबाबदारीतून सूट नव्हे. चुकीचे परिणाम मान्य करून ती पुन्हा होऊ नये यासाठी व्यवस्था बदलणे त्यात अभिप्रेत आहे.

स्वतःवरील विश्वास

‘उद्यापासून नक्की’ असे स्वतःला दिलेले वचन वारंवार मोडले की व्यक्तीचा स्वतःच्या शब्दावरील विश्वास उडतो. असा विश्वास केवळ प्रोत्साहनाने परत येत नाही. त्यासाठी पाळता येतील एवढी लहान वचने द्यावी लागतात. वचन मोडल्यास मार्गदर्शक ‘का केले नाही’ असा जाब विचारत नाही, तर काम नेमके कोणत्या टप्प्यावर अडले याची चौकशी करतो.

उदाहरणार्थ, चाकूर परिसरातील एखाद्या सोयाबीन उत्पादकाची पीकविमा अर्जाची मुदत दरवर्षी हुकत असेल, तर ‘अर्ज करणे’ हे एक काम न मानता त्याचे भाग पाडले जातात. सातबारा उतारा, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक एकाच पिशवीत घालून ती दाराजवळ टांगणे, आठवडी बाजाराच्या दिवशी अर्ज भरण्याचे ठरवणे आणि भावाला सोबत येण्यास सांगणे, हे ते भाग होत. या व्यवस्थेत स्मरणशक्तीवरचा भार वस्तू, दिवस आणि माणूस यांच्यावर सोपवला जातो.

कार्यपद्धती

मार्गदर्शन बहुधा आठवड्यातून एकदा, प्रत्यक्ष भेटीत अथवा दूरध्वनीवरून होते. नेहमी वापरल्या जाणाऱ्या काही पद्धती पुढीलप्रमाणे आहेत:

• भिंतीवरील घड्याळ, गजर आणि फळा यांच्या साहाय्याने वेळ व काम डोळ्यांसमोर ठेवणे
• मोठ्या कामाची पहिली पायरी काही मिनिटांत होईल इतकी लहान करणे
• दुसऱ्या व्यक्तीच्या सान्निध्यात बसून आपले काम करणे
• झालेल्या कामांची नोंद ठेवणे, जेणेकरून केवळ अपयशच आठवणीत राहणार नाही
• घरच्यांना विकाराचे स्वरूप समजावून सांगणे

परिणामकारकता आणि मर्यादा

मार्गदर्शनाविषयीचे संशोधन मर्यादित आहे. अनेक अभ्यास लहान गटांवर, विशेषतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाले असून त्यांत नियोजन व आत्मविश्वास यांत सुधारणा आढळली आहे. बोधात्मक वर्तनोपचारांसाठी अधिक भक्कम पुरावा आहे. स्टीव्हन सॅफ्रेन आणि मेरी सोलांटो यांच्या 2010 मधील स्वतंत्र चाचण्यांत प्रौढांची लक्षणे कमी झाल्याचे दिसून आले. मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधे केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाची असतात. नैराश्य, चिंताविकार, व्यसन, अपुरी झोप आणि थायरॉइडचे विकार यांतही एकाग्रता ढळत असल्याने तज्ज्ञांकडून निदान होणे आवश्यक ठरते.

भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ‘मार्गदर्शक’ म्हणून काम करण्यासाठी मात्र तशी वैधानिक नोंदणी नाही. त्यामुळे मार्गदर्शकाचे प्रशिक्षण तपासून पाहण्याची जबाबदारी सेवा घेणाऱ्यावरच येते.

लातूर परिसरातील स्थिती

चाकूर हे लातूर–नांदेड मार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. येथील रहिवाशांना तपासणीसाठी लातूर हे जवळचे मोठे केंद्र असून तेथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही समुपदेशन मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही.

गुणांवरून विद्यार्थ्याची पारख होणाऱ्या या परिसरात, हुशार असूनही अभ्यासाला न बसणारे मूल सहसा आळशी ठरते. तोच शिक्का घेऊन ते प्रौढ होते. योग्य निदानामुळे त्याचे मागील अपयश पुसले जात नाही; मात्र त्या अपयशाचा अर्थ बदलतो, आणि मार्गदर्शनाचे काम तेथून सुरू होते.

हेही पाहा

• विवेकनिष्ठ उपचारपद्धती
• अध्ययन अक्षमता
• लातूर पॅटर्न
• चाकूर